लढाऊ विमानं कधी द्यायची? कारगिल १९९९ आणि हवाई दलप्रमुखाचं पद

मे १९९९ च्या दुसऱ्या आठवड्यात काश्मीरमधल्या लष्करी मुख्यालयांकडून उधमपूरच्या हवाई दल अधिकाऱ्यांकडे एक मागणी आली. कारगिलच्या डोंगरधारांवर घुसखोर ठाण मांडून बसलेत, त्यांना हुसकायला सशस्त्र हेलिकॉप्टरं द्या. मागणी जम्मू-काश्मीरचे हवाई अधिकारी एअर व्हाइस मार्शल नारायण मेनन यांच्याकडून वर सरकली आणि दिल्लीत वायुभवनात, म्हणजे हवाई दलाच्या मुख्यालयात, येऊन थांबली. हवाई दलप्रमुख एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस यांना पदावर येऊन तेव्हा साडेचार महिनेच झाले होते. प्रत्यक्ष हवाई मारा सुरू झाला २६ मे रोजी सकाळी. मधल्या दिवसांत काय घडलं आणि चूक कोणाची, यावरून दोन्ही दलांच्या निवृत्त अधिकाऱ्यांत पुढे बरीच वर्षं खडाजंगी चालली.

हवाई दलाचा सर्वोच्च अधिकारी नक्की काय करतो हे समजून घ्यायला यापेक्षा चांगलं प्रकरण सापडणं कठीण. इथे त्याला आपल्याच बाजूच्या मागणीला नकार द्यावा लागला, मंत्रिमंडळाची परवानगी मिळवावी लागली, परवानगीला जोडलेली जाचक अट स्वीकारावी लागली, तीन दिवसांत तीन यंत्रं आणि पाच माणसं गमवावी लागली आणि त्यानंतर युद्धाची पद्धतच बदलावी लागली.

पदामागचा इतिहास, थोडक्यात

भारतीय हवाई दलाची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. १९५४ पर्यंत त्याची सूत्रं ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होती. स्वातंत्र्यानंतरचे पहिले प्रमुख एअर मार्शल थॉमस एल्महर्स्ट. हवाई दल लष्कराच्या सरसेनापतीच्या हाताखाली असणार नाही, त्याचा प्रमुख थेट सरकारला उत्तरदायी असेल, हा आग्रह त्यांनी सुरुवातीलाच धरला. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, पण कारगिलमधल्या वादाचं मूळ तिच्यातच आहे. हवाई दल म्हणजे लष्कराचा उडता तोफखाना की स्वतःच्या विचाराने लढणारं दल? एल्महर्स्ट यांनी दुसऱ्या उत्तराची पायाभरणी केली.

१ एप्रिल १९५४ रोजी सुब्रोतो मुखर्जी पहिले भारतीय प्रमुख झाले. १९५५ मध्ये तिन्ही दलांच्या प्रमुखांचं ‘कमांडर-इन-चीफ’ हे पदनाम कायद्याने रद्द झालं. सर्वोच्च सेनापतिपद राष्ट्रपतींकडे, निर्णय मंत्रिमंडळाचा आणि प्रमुख हे त्या त्या दलाच्या मुख्यालयाचे मुखिया, अशी घडी बसली. कागदोपत्री प्रमुख सल्लागार झाले, पण कमांड, म्हणजे दलाचे मोठे विभाग, त्यांच्याच आदेशाने चालत राहिल्या. जानेवारी १९६६ मध्ये अर्जन सिंग यांना एअर चीफ मार्शलचा हुद्दा मिळाला आणि हे पद चार तारे असलेल्या लष्करप्रमुखाच्या बरोबरीला आलं.

आजची घडी अशी : नेमणूक मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीकडून. मुदत तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी येईल ते. हाताखाली सात कमांड. त्यातल्या पाच लढाईच्या (दिल्ली, शिलाँग, प्रयागराज, गांधीनगर, तिरुवनंतपुरम), एक प्रशिक्षणाची बंगळूरला आणि एक देखभालीची आपल्या नागपूरला. रोजची लढाई कमांडप्रमुख चालवतो. कुठल्या कमांडला किती विमानं, कुठला दारूगोळा, कोणत्या मर्यादेत लढायचं आणि सरकारला काय सांगायचं, हे दिल्लीतून ठरतं. मराठी माणसं या पदावर बरीच येऊन गेली : हृषीकेश मुळगावकर, लक्ष्मण माधव कात्रे, टिपणीस, प्रदीप नाईक, विवेक राम चौधरी.

टिपणीस यांच्यासमोर दोन जुने दाखले होते. १९६२ मध्ये चीनविरुद्ध लढाऊ विमानं वापरलीच गेली नाहीत. मालवाहू विमानं आणि हेलिकॉप्टरं रात्रंदिवस राबली, पण चिनी विमानं आपल्या शहरांवर बॉम्ब टाकतील या भीतीपोटी मारा करण्याची परवानगी आली नाही. प्रमुख अस्पी इंजिनिअर यांचं मत त्या निर्णयात किती मोजलं गेलं, हा प्रश्न हवाई दलाच्या मनात कायम राहिला.

दुसरा दाखला अगदी उलट. १ सप्टेंबर १९६५ रोजी छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे पुढे सरकले. लष्करप्रमुखांनी हवाई मदत मागितली. अर्जन सिंग संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या दालनात होते. किती वेळ लागेल, असं विचारल्यावर त्यांनी तासाभराचा शब्द दिला, चव्हाणांनी जागच्या जागी होकार दिला आणि त्याच संध्याकाळी पठाणकोटहून विमानं उडाली. या प्रसंगाचं कौतुक रास्त आहे, पण तो पुरा सांगायला हवा. मावळत्या उजेडात, जमिनीवरच्या तुकड्यांशी धड संपर्क नसताना जुनी व्हॅम्पायर विमानं पाठवली गेली. चार व्हॅम्पायर पडली आणि आपल्याच काही वाहनांवरही मारा झाला. परवानगी तातडीने मिळणं आणि तयारी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मागणी, आणि ती का अडली

बटालिक भागात मेंढपाळांनी अनोळखी माणसं पाहिल्याची खबर ३ मे रोजी लष्कराला मिळाली. पहिले काही दिवस हे मोजकेच अतिरेकी असावेत असाच समज होता. १२ मेच्या सुमारास एका चीता हेलिकॉप्टरवर गोळीबार झाला. हवाई दलाने पश्चिम कमांडला सावध केलं, काश्मीरमधले तळ सज्ज केले आणि टेहळणी वाढवली. २१ मे रोजी टेहळणीच्या एका कॅनबेरा विमानाच्या इंजिनाला खांद्यावरून डागलेलं क्षेपणास्त्र लागलं. वैमानिकाने उरलेल्या एका इंजिनावर ते श्रीनगरला उतरवलं. वर बसलेल्यांकडे स्टिंगरसारखी क्षेपणास्त्रं आहेत आणि ती नेमकी चालवणारी माणसं आहेत, हे त्या दिवशी स्पष्ट झालं.

टिपणीस यांची भूमिका दोन खांबांवर उभी होती. पहिला तांत्रिक. लष्कराला हवी असलेली एमआय-२५ आणि एमआय-३५ ही मारा करणारी हेलिकॉप्टरं जास्तीत जास्त ४,५०० मीटरच्या आसपास उडू शकतात. तोलोलिंगची उंची ४,५९० मीटर, टायगर हिलची ५,०६२. कारगिलच्या बातम्यांत येणारे ‘पॉइंट ५१४०’सारखे आकडे म्हणजे त्या शिखरांची मीटरमधली उंचीच. लक्ष्य हेलिकॉप्टरच्या कमाल उंचीपेक्षाही वर असेल, तर ते तिथे जाऊन लढणार कसं? उरली एमआय-१७. ती उंची गाठते, पण ती मुळात वाहतुकीची. तिला दोन्ही बाजूंनी रॉकेटच्या नळ्या लावता येतात, चिलखत मात्र बेताचंच. धारेवरच्या माणसाला ती समोरून, कधी कधी खालून येताना दिसते.

दुसरा खांब राजकीय. एप्रिल १९९१ मध्ये भारत-पाकिस्तानात हवाई हद्दीबाबत करार झाला होता. लढाऊ विमानांनी एकमेकांच्या हवाई हद्दीपासून १० किलोमीटरच्या आत उडायचं नाही, आणि या लढाऊ विमानांच्या यादीत सशस्त्र हेलिकॉप्टरंही होती. तेव्हा ‘फक्त हेलिकॉप्टरं द्या, विमानं नकोत’ ही मागणी लष्कराला सौम्य वाटली तरी कराराच्या भाषेत दोन्ही सारखीच. वर्षभरापूर्वी दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या होत्या. तशा वेळी मारा सुरू करण्याचा निर्णय कोअर कमांडर किंवा हवाई दलप्रमुख यांनी परस्पर घ्यायचा नसतो, तो मंत्रिमंडळाचाच, असं टिपणीस यांचं म्हणणं. हवाई मारा सुरू झाला की समोरूनही उत्तर येऊ शकतं, म्हणून आधी संपूर्ण सीमेवर हवाई संरक्षणाची फळी उभी राहिली पाहिजे, हा त्याचाच पुढचा भाग.

लष्कराची बाजूही नीट मांडली पाहिजे. माणसं सरळ चढाच्या उतारांवर, आडोशाशिवाय, वरून होणाऱ्या गोळीबारात मरत होती. आपल्याच हद्दीत, आपल्याच सैन्याला थोडा मारा करून द्यायला दिल्लीतून मंत्रिमंडळाचा शिक्का कशाला, हा त्यांचा सवाल होता आणि त्यामागचा त्रागा खरा होता. लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक तिन्ही प्रमुखांच्या समितीचेही अध्यक्ष होते, पण ते १० ते २० मे या काळात युरोपच्या दौऱ्यावर होते. १८ मे रोजी सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीपुढे हवाई शक्तीचा विषय निघाला तेव्हा समितीने मान्यता दिली नाही. संघर्ष वाढेल आणि प्रश्न आंतरराष्ट्रीय होईल, ही धास्ती होती.

माझ्या मते टिपणीस तांत्रिक मुद्द्यावर निर्विवाद बरोबर होते आणि राजकीय मुद्द्यावरही बरोबर होते. पण परवानगीची वाट पाहण्याच्या त्या दिवसांत उंचीवरच्या माऱ्याची तालीम व्हायला हवी होती. ती झाली नाही आणि त्याची किंमत लगेच मोजावी लागली. या अपुऱ्या तयारीचं ओझं एकट्या टिपणीस यांच्यावर टाकणं अन्यायाचं ठरेल. पंधरा-सोळा हजार फुटांवरच्या दगडी मोर्चांवर बॉम्ब टाकायचा सराव आधीच्या कोणत्याही प्रमुखाने हवाई दलाकडून करून घेतला नव्हता.

विरळ हवेचं गणित

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढची सगळी हकिकत या गणितावर चालते.

५,००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असते. विमानाच्या वेगदर्शकावर तोच आकडा दिसत असला तरी विमान प्रत्यक्षात जवळपास ३० टक्के जास्त वेगाने जात असतं. वळणाचा घेर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वैमानिकाने वळताना शरीरावर येणारा दाब (जी-भार) तेवढाच सोसला तरी वळण दीडपटीहून जास्त फाकतं. अरुंद दरीत आणि पलीकडे नियंत्रण रेषा असताना हा फरक जीवघेणा.

बॉम्बचंही तसंच. विरळ हवेत त्याला अडथळा कमी, त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा पुढे जातो. विमानातली निशाणा-यंत्रणा आणि वैमानिकाच्या कोष्टकातले आकडे मैदानी प्रदेशासाठी बसवलेले. सपाट रानात ५० मीटरचा नेम चुकला तरी फुटलेल्या बॉम्बच्या तुकड्यांचा मारा लक्ष्याला लागतो. डोंगरधारेवर तोच ५० मीटरचा नेम चुकला की बॉम्ब पलीकडच्या उतारावरून शेकडो मीटर खाली जाऊन फुटतो आणि वरचा मोर्चा शाबूत राहतो. लक्ष्यं तरी किती मोठी? दगड रचून केलेला चार-पाच माणसांचा आडोसा, बर्फात पांढरा तंबू, खडकात राखाडी.

आणि स्टिंगर. हे क्षेपणास्त्र साधारण साडेतीन किलोमीटर उंची गाठतं. मैदानात त्याच्यापासून वाचायला १२,००० फुटांच्या वर राहिलं की भागतं. पण तेच ५,००० मीटरच्या शिखरावरून सुटलं, तर कागदावर त्याचा पल्ला साडेआठ हजार मीटरपर्यंत, म्हणजे २८,००० फुटांच्या आसपास जातो. तेवढ्या उंचीवरून साधा बॉम्ब टाकून बंकर फोडणं जवळपास अशक्य. खाली आलं तर क्षेपणास्त्र, वर राहिलं तर नेम चुकतो. हवाई दलाची खरी कोंडी ही होती. नियंत्रण रेषेच्या अटीने ती आणखी आवळली.

परवानगी आणि तिची अट

मलिक परतल्यावर २३ मे रोजी तिन्ही प्रमुख भेटले. नौदलप्रमुख ॲडमिरल सुशील कुमार यांचाही पाठिंबा मिळाला. घुसखोरीचं खरं आकारमान एव्हाना स्पष्ट झालं होतं. समोर पाकिस्तानी सैन्याच्या नॉर्दर्न लाइट इन्फंट्रीच्या तुकड्या होत्या. हवाई शक्ती वापरायची यावर तिघांचं एकमत झालं आणि त्यांनी एका आवाजात ती मागणी मंत्रिमंडळ समितीपुढे ठेवली. २५ मे रोजी मान्यता पक्की झाली. अट एकच : नियंत्रण रेषा ओलांडायची नाही. ती ओलांडण्याची मुभा टिपणीस यांनी मागून पाहिली होती. पंतप्रधान वाजपेयींनी ठाम नकार दिला.

या अटीचा व्यवहारातला अर्थ काय? घुसखोरांची रसद पलीकडून येत होती. ती तिथेच तोडणं हा हवाई युद्धाचा धडा पहिला, तोच आता बाद झाला. कारगिलमध्ये रेषा साधारण पूर्व-पश्चिम जाते आणि बरीच लक्ष्यं तिच्यापासून थोड्याच किलोमीटरवर. दक्षिणेकडून थेट उत्तरेला झेपावून मारा केला, तर बॉम्ब सुटल्यावर वळण घेईपर्यंत विमान पलीकडे जातं. म्हणून मारा धारेला समांतर दिशांनी करायचा. त्यामुळे येण्याचे मार्ग मोजकेच उरतात आणि समोरच्याला ते लवकरच कळतात. अमेरिकेसह बाहेरच्या देशांची सहानुभूती पुढे भारताकडे झुकली, त्यात या संयमाचा मोठा वाटा होता. वैमानिकांनी तो स्वतःचा जीव धोक्यात घालून पाळला.

अट मान्य करून टिपणीस यांनी पश्चिम कमांडचे प्रमुख एअर मार्शल विनोद पाटणी यांच्याकडे मोहीम सोपवली. तिचं नाव ‘सफेद सागर’.

२६, २७, २८ मे

२६ मेच्या पहाटे मिग-२१, मिग-२३ बीएन आणि मिग-२७ विमानांनी मारा सुरू केला. वर संरक्षणाला मिग-२९. पहिल्या दिवशी नुकसान झालं नाही, पण बॉम्ब आणि रॉकेटं विखुरली. गणित कोष्टकाप्रमाणे चालत नव्हतं.

२७ मे रोजी फ्लाइट लेफ्टनंट नचिकेता यांच्या मिग-२७ चं इंजिन रॉकेटं डागल्यावर बंद पडलं. रॉकेटांचा धूर आणि तापलेला वायू इंजिनात ओढला गेला की ते गुदमरतं. मैदानी उंचीवर ते पुन्हा पेटण्याची शक्यता बरी असते, तिथल्या विरळ हवेत फार कमी. नचिकेता विमानाबाहेर पडले आणि युद्धकैदी झाले. ते ३ जूनला सुटले. त्यांना शोधण्यासाठी स्क्वाड्रन लीडर अजय आहुजा आपलं मिग-२१ घेऊन त्याच भागात घिरट्या घालत राहिले. क्षेपणास्त्राचा धोका माहीत असूनही ते सहकाऱ्याच्या जागेची खूण मिळवायला थांबले. त्यांच्या विमानाला क्षेपणास्त्र लागलं, आहुजा परत आले नाहीत. त्यांना मरणोत्तर वीरचक्र मिळालं.

२८ मे रोजी चार एमआय-१७ हेलिकॉप्टरांनी तोलोलिंगवर रॉकेटांचा मारा केला. त्यातलं एक स्टिंगरने पाडलं. आतले चौघेही मृत्युमुखी पडले. क्षेपणास्त्राला चकवणाऱ्या जळत्या फ्लेअर सोडणारी यंत्रणा चारांपैकी त्या एकाच हेलिकॉप्टरवर नव्हती. मूळ मागणी सशस्त्र हेलिकॉप्टरांचीच होती आणि मोहिमेचा सर्वांत मोठा एकगठ्ठा जीवितनाश त्यांच्याच वापरात झाला. टिपणीस यांचा तांत्रिक आक्षेप खरा ठरला, पण तो अशा रीतीने खरा ठरावा असं कोणाला वाटलं असेल? यंत्रणा नसलेलं हेलिकॉप्टर त्या फेरीत का गेलं, हा प्रश्न मात्र हवाई दलाने स्वतःलाच विचारायचा होता.

प्रमुख काय बदलू शकतो

तीन दिवसांत दोन विमानं आणि एक हेलिकॉप्टर. देशभर टीका सुरू झाली. अशा वेळी प्रमुखासमोर दोन सोपे मार्ग असतात. एक म्हणजे मारा थांबवणं, दुसरा म्हणजे तोच मारा जास्त जोराने करणं. दोन्ही टळले. सशस्त्र हेलिकॉप्टरं माऱ्यातून काढून घेतली आणि ती जखमींची ने-आण व रसदीकडे वळली. लढाऊ विमानांना क्षेपणास्त्राच्या टप्प्याबाहेरून मारा करायचा आदेश गेला.

आता प्रश्न नेमाचा. त्याची उत्तरं एकाच वेळी तीन ठिकाणी शोधली गेली. पहिलं उत्तर अगदी जुगाडाचं. मिग-२१ च्या वैमानिकांनी हातात धरायचे जीपीएस घेतले, लक्ष्याचे अक्षांश-रेखांश त्यात भरले आणि ठरलेल्या बिंदूवर, ठरलेल्या उंचीला, ठरलेल्या वेगाने बॉम्ब सोडायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीनंतर पडलेल्या बॉम्बची छायाचित्रं पाहून पुढच्या फेरीचे आकडे दुरुस्त व्हायचे. बंकर हमखास फुटेल इतकी अचूकता यातून आली नाही, पण समोरच्याची झोप आणि पाणी तुटलं. पुढे रात्रीही मारा सुरू झाला. डोंगरातल्या अंधारात बॉम्बफेक करणाऱ्या मिग-२१ च्या १७ व्या स्क्वाड्रनचे कमांडिंग ऑफिसर होते विंग कमांडर बिरेंदरसिंग धनोआ. आहुजा त्यांच्याच स्क्वाड्रनचे.

दुसरं उत्तर मिराज-२०००. ही विमानं ग्वाल्हेरची, म्हणजे मध्य कमांडच्या हद्दीतली. कुठल्या कमांडची विमानं दुसऱ्या कमांडच्या युद्धात द्यायची, हा निर्णय कमांडप्रमुखाच्या हाती नसतो. तो वायुभवनातून होतो. मिराजची निशाणा-यंत्रणा उंचीचा हिशेब मिगपेक्षा पुष्कळ चांगला करते. १७ जून रोजी बटालिक भागातल्या मुंथो धालो इथल्या घुसखोरांच्या रसद-ठाण्यावर मिराजनी २५० किलोचे साधे बॉम्ब टाकले. लक्ष्य पसरट होतं, तंबू आणि साठे एकाच उतारावर जवळजवळ. तिथे महागडा बॉम्ब नको, संख्या हवी. हल्ल्याआधीची आणि नंतरची छायाचित्रं ठेवून पाहिली तर अख्खा तळ नाहीसा झालेला दिसतो. रेषा न ओलांडता रसद तोडण्याची ही एकमेव वाट होती : पलीकडून आलेला माल अलीकडे जिथे जमा होतो ती जागा शोधायची. त्यासाठी कॅनबेरा, मिग-२५ आणि जग्वार यांनी केलेली टेहळणी बॉम्बइतकीच मोलाची ठरली.

तिसरं उत्तर लेझरचं. मिराजच्या पोटाखाली इस्रायली लायटनिंग पॉड बसवण्याचं काम आधीपासून चालू होतं. ते घाईने पुरं करून १,००० पौंडी बॉम्बला पेव्हवेचं लेझर-मार्गदर्शन जोडण्यात आलं. वैमानिक पॉडच्या कॅमेऱ्यातून लक्ष्य पाहतो, त्यावर लेझरचा ठिपका धरून ठेवतो आणि बॉम्ब त्या ठिपक्याकडे सरकतो. मध्ये ढग आला की ठिपका तुटतो, म्हणून हवामान उघडण्याची वाट पाहावी लागते. २४ जून रोजी टायगर हिलच्या माथ्यावरच्या ठाण्यावर हा बॉम्ब पडला. भारतीय हवाई दलाने युद्धात लेझर बॉम्ब वापरल्याची ही पहिलीच वेळ. पॉडच्या पडद्यावर माथ्यावरचे तंबू स्पष्ट दिसत होते. असे बॉम्ब मोजकेच होते, म्हणून ते मोजक्याच लक्ष्यांवर वापरले गेले. हा हल्ला पाहायला टिपणीस स्वतः दोन आसनी विमानातून गेले होते. प्रमुखाने युद्धक्षेत्रात असं उडावं का, यावर मतं वेगळी असू शकतात. पण महिनाभर टीका झेलत उडणाऱ्या वैमानिकांना त्याचा अर्थ नीट कळला असणार.

४ जुलै रोजी लष्कराने टायगर हिलचा माथा जिंकला, २६ जुलैला युद्ध संपलं. २८ मेनंतर शत्रूच्या माऱ्यात हवाई दलाचं एकही विमान पडलं नाही. ‘हवाई दलाने कारगिल जिंकून दिलं’ असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. शिखरं पायदळाने आणि बोफोर्सच्या तोफखान्याने घेतली. हवाई दलाने वर बसलेल्यांचं खाणं, दारूगोळा आणि धीर तोडला. लढाईच्या हिशेबात हे काम वेगळं मोजता येत नाही, म्हणून त्याच्यावरून वाद होतो.

वाद कुठे उरतो

निवृत्तीनंतर टिपणीस यांनी आपली बाजू लेखातून मांडली : लष्कराने परिस्थितीचं गांभीर्य वेळेवर आणि पुरेसं सांगितलं नाही, त्यामुळे मागणी हेलिकॉप्टरपुरतीच राहिली. मलिक यांनी आपल्या लेखनात ते नाकारलं. दोघांचं वाचल्यावर एक गोष्ट ठळक दिसते. लष्कर मागत होतं एक यंत्र. ‘अमुक शिखरावरच्या तमुक मोर्चांना असा असा परिणाम हवा’ असं सांगून साधन निवडण्याचं काम हवाई दलावर सोडलं असतं, तर चर्चा हेलिकॉप्टरच्या कमाल उंचीवर अडली नसती. याची दुसरी बाजूही आहे. नकार देताना ‘हे जमणार नाही, पण हे जमेल आणि त्याला इतके दिवस लागतील’ असा पर्याय हवाई दलाने त्याच दिवशी पुढे ठेवायला हवा होता. उधमपूरमध्ये लष्कराची उत्तर कमांड आणि हवाई दलाचं मुख्यालय एकाच गावात होतं. तिथे हे पहिल्या आठवड्यातच होऊ शकलं असतं.

युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली कारगिल आढावा समिती नेमली गेली, २००१ मध्ये मंत्रिगटाने तिन्ही दलांच्या वर एक समन्वयक प्रमुख असावा अशी शिफारस केली. ते पद प्रत्यक्षात आलं १ जानेवारी २०२० रोजी.

धनोआ पुढे हवाई दलप्रमुख झाले. पुलवामाचा हल्ला १४ फेब्रुवारी २०१९ चा, बालाकोटवरची कारवाई २६ फेब्रुवारीची. मिराजच वापरली, रेषा ओलांडण्याची परवानगी या वेळी होती. दुसऱ्या दिवशी बडगामजवळ आपल्याच क्षेपणास्त्राने आपलं एमआय-१७ पडलं आणि त्यातले सहा जण व जमिनीवरचा एक नागरिक मृत्युमुखी पडले. धनोआंनंतर दोन वर्षांनी प्रमुख झालेले चौधरी हेही सफेद सागरमध्ये उडालेले वैमानिक. म्हणजे कारगिलमध्ये स्क्वाड्रनवर असलेली पिढी नंतर याच खुर्चीत बसली.

भूदल, नौदल आणि हवाई दल एकाच सेनापतीखाली आणणाऱ्या एकत्रित कमांडचा आराखडा पुढे आला, तेव्हा हवाई दलाने सर्वांत जास्त आक्षेप घेतले. लष्करी वर्तुळात त्याला दलाचा अहंकार म्हणतात. पण १९९९ चा जून आठवून पाहा. ग्वाल्हेरची मिराज पश्चिम कमांडला देणं, लेझर बॉम्ब कुठल्या लक्ष्यासाठी राखून ठेवायचे हे ठरवणं, संपूर्ण पश्चिम सीमेवर संरक्षणाची विमानं उभी ठेवून उरलेली कारगिलला पाठवणं, हे सगळं शक्य झालं कारण विमानांचा सगळा साठा एका माणसाच्या नजरेखाली होता. स्क्वाड्रन कमी असतील तर ती आधीच चार सेनापतींत वाटून टाकणं परवडत नाही. एकत्रित कमांडच्या आराखड्यात हवाई दलप्रमुखाकडे भरती, प्रशिक्षण आणि साधनसामग्री राहते, लढाई मात्र दुसऱ्याकडे जाते. तेव्हा एका आघाडीवरची मिराज दुसऱ्या आघाडीवर हलवण्याचा आदेश कोणी काढायचा, किती तासांत, आणि ज्याच्याकडून ती काढून घेतली त्या सेनापतीने नकार दिला तर शेवटचा शब्द कोणाचा, हे त्या आराखड्यात आधी स्पष्ट लिहिलं गेलं पाहिजे.